ओझ्याच्या उंचीला

"अजून किती दिवस?"

गजराआत्या घोडीचा मागचा पाय गुडघ्यावर घेऊन वाकली होती. खुरातली माती काडीनं कोरत होती. तिनं मान वर केली नाही.

"आत्या, मी भिंतीला इचारत न्हाई. कवा उतरायचं?"

"खूर ओला हाय."

"मग?"

"मग काय न्हाई. ओला हाय."

सिद्रामनं कपाळावर हात मारून घेतला.

म्हातारी माणसं दोन तऱ्हेची असतात. काही ठाऊक नसलेली, ती बोलत सुटतात. आणि काही ठाऊक असलेली, ती तोंडाला कुलूप घालून बसतात. पहिल्या तऱ्हेची सिद्रामनं कॉलेजात पोटभर बघितली होती. जनावरांच्या डॉक्टरकीचा डिप्लोमा करायला गेला होता तो. खुराचे रोग फळ्यावर शिकवणाऱ्या सरांना त्यानं भर वर्गात विचारलं, "सर, तुम्ही घोड्याचा पाय कधी उचललाय का?" तिथून त्याचं आणि कॉलेजचं फाटलं. दुसऱ्या वर्षाचं पुस्तकही न उघडता तो मेंढरांमागं परत आला.

आणि आला तो या दुसऱ्या तऱ्हेच्या तावडीत सापडला.

कार्तिक लागला होता. घाटमाथ्यावरचं गवत पिवळं पडून त्याची कुसळं झाली होती. लुगड्यात रुतत होती, कुत्र्यांच्या कानांत शिरत होती. दर साली दसरा झाला की ही धनगरं माणदेशातून निघायची आणि कोकणात उतरायची. मेंढरं घेऊन बापे डांबरी घाटानं जायचे, पहाटे, ट्रक कमी असताना. घोडी मात्र ट्रकच्या हॉर्नला बुजतात. म्हणून घोडी, कुत्री आणि बाया जुन्या पायवाटेनं. उतरण फार तर अर्ध्या दिवसाची.

संसार सगळा घोड्यांवर. पीठ, भांडी, गोधड्या, मेंढरं कोंडायची वाघूर नावाची जाळी, आणि या सगळ्याच्या वर, गोधडीत गुंडाळून काढणीच्या दोरीनं बांधलेली तान्ही पोरं.

मेंढरं परवाच खाली पोचली होती. पीठ वर होतं.

यंदा ओझ्यावर बांधायची होती ती वैजूआक्काची पोरगी. वैजू ही सिद्रामची थोरली बहीण. पोरगी चार महिन्यांची, पहिल्यांदाच घाट उतरणार. ती जाणार पाखरीवर, म्हणजे पुढच्या घोडीवर. आणि पाखरीचा दोर ज्याच्या हातात, त्याचा शब्द शेवटचा. बावीस वर्षं तो दोर गजराआत्याच्या हातात होता.

सिद्रामला तो दोर हवा होता. यंदा हवा होता. आणि आत्या खूर कोरत बसली होती.

"काल वाट बघून आलास न्हवं?" आत्यानं खूर खाली सोडला.

"सांगितलं की. तीन तास दहा मिनिटं. दोन जागी शेवाळ हुतं, माती टाकली. एक जांभळ पावसात कलंडलीय, तिची फांदी वाटेवर आडवी आलती, ती कोयत्यानं तोडली. फोटो काढल्यात. हे बघ."

आत्यानं फोनकडं बघितलं. मग खुराकडं बघितलं. खूर तिला जास्त पटला.

"ही तुझी वाट झाली."

"मग कुणाची बघायची हुती? कलेक्टरची?"

"रंगीला घेऊन जा."

रंगी म्हणजे तळावरची म्हातारी कुत्री. आत्यानं तिला बोलावलं, जुन्या लुगड्याची लाल पट्टी फाडली आणि तिच्या गळ्यात बांधली. एक पट्टी पाठीवरून पोटाखाली नेऊन गाठ मारली.

"हिचं लगीन लावायचंय का आज?"

"खाली डुकरांमागं बंदूकवाली फिरत्यात. गवतातनं नुसती पाठ दिसती." आत्यानं गाठ ओढून बघितली. "पाठीला कोण इचारतंय, बाई, तू कुत्री का डुक्कर?"

सिद्राम गेला. जाताना तीन दगड लाथेनं उडवले. चौथा पायाला लागला.

दुपार कलल्यावर तो परत आला, तो घामानं निथळत. तोंड असं, की वैजूनं विचारायच्या आधीच पाण्याचा तांब्या पुढं केला. रंगी येऊन सावलीला पडली. आत्या तिच्या कानातलं एकेक कुसळ उपटायला बसली.

"कुठं थांबली?"

"कुठं न्हाई थांबली ते इचार! झाड दिसलं की थांब. दगड दिसला की थांब. शेणाचा पो दिसला की जणू माहेर दिसलं. कुत्रं मुतायला थांबतंय आत्या, त्यात काय शास्तर न्हाई."

"बरं. कुठं न्हाई थांबली?"

"आँ?"

"तूच म्हणालास, ते इचार म्हणून."

सिद्राम पाणी प्यायचा थांबला.

"...झऱ्यावर."

"हं."

"जीभ हातभर भायेर. समोर पाणी. तरी न्हाई थांबली. शेपूट घालून पळाली, मला फरफटत." त्यानं तांब्या खाली ठेवला. "बिबट्या हाय व्हय तिथं?"

"मला काय इचारतोस? मी कुठं गेलते?"

मग निकाल काय, तर घोड्यांना पाणी वरच पाजायचं आणि झऱ्यावर टेकायचं नाही. एवढंच. दोन वाक्यांचं काम. त्यापायी म्हातारीनं त्याचा अख्खा दिवस खाल्ला होता. झऱ्यापाशी आपल्याही मानेवरचे केस उभे राहिले होते, हे सिद्रामनं कुणाला सांगितलं नाही.

एवढ्यात फोन वाजला. खालून तायाप्पा, वैजूचा नवरा.

"मेव्हणं! वर लगीन-बिगीन काढलंय का काय? हितं आमी तीन दिस चुरमुऱ्यावर हाय! आमच्या म्हाताऱ्याची कवळी बी चुरमुरं चावून वैतागली!"

"दाजी, मला नगा सांगू. आत्याला सांगा."

"तिला द्या की फोन!"

सिद्रामनं फोन पुढं केला. आत्यानं तो कानाला लावला, सगळं शांतपणे ऐकलं, "बरं," म्हणाली आणि परत दिला.

"काय सांगितलंस त्यास्नी?"

"बरं म्हणाले."

"बरं म्हणजे काय? उद्या? परवा? शिमग्याला?"

आत्या रंगीच्या दुसऱ्या कानाकडं वळली.

झालं. इतका वेळ दाबून धरलेलं उसळून वर आलं.

"आत्या, दोर माझ्याकडं दे. उद्या उजाडताना मी पुढं हुतो आणि आपण उतरतोय."

आत्यानं आणखी एक कुसळ उपटलं.

"तुझा गुडघा गेलाय. उतरताना तू डोंगर धरून पाय टाकतीस. समद्यांना दिसतंय, बोलत कुणी न्हाई. मी बोलतो."

"सिद्या, गप," वैजू म्हणाली.

"का गप? आक्का, तुझीच पोरगी जायाचीय त्या घोडीवर. गेल्या साली पुढं कोण हुतं? ढाण्या कुणाच्या मागनं चालला हुता?"

वैजूनं पोरीला छातीशी धरलं.

ढाण्या हा सिद्रामचा कुत्रा. डोळे उघडले तेव्हापासून त्याच्याच हातची भाकर खाल्लेला. गेल्या कार्तिकात याच वाटेवर, तिसऱ्या वळणाला, तो कारवीच्या झुडपात नाक घालून गुरगुरत उभा राहिला. आत्या दोर धरून पुढं होती. "चल रं, हितं कधी काय नसतंय," म्हणाली, आणि थांबली नाही. दोर पुढं गेला म्हणून घोडी पुढं गेली, घोडी गेली म्हणून माणसं गेली. मग मागं आवाज झाला. रानडुकरांसाठी कुणीतरी पिठाच्या गोळ्यात चावला की फुटणारा बार भरून ठेवला होता. ढाण्यानं तो तोंडात धरला होता.

त्याला वर्ष झालं. आत्या त्यावर अवाक्षर बोलली नव्हती. चुकले म्हणाली नाही, वाईट झालं म्हणाली नाही. मोठ्या माणसांची ही एक सोय असते. चुकलं की ती गंभीर होतात, आणि लोक त्याला शहाणपण समजतात.

"बोल की. पुढं कोण हुतं?"

"मी."

"बास? एवढंच?"

आत्यानं रंगीचा कान सोडला. उपटलेली कुसळं ओंजळीत गोळा केली, चुलीत टाकली, ती जळेपर्यंत बघत राहिली.

"मीच हुते पुढं," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली आणि पालात गेली.

सिद्रामला वाटलं होतं ती रडेल. निदान शिव्या तरी देईल. शिव्यांना उत्तर देता आलं असतं.

सकाळी तो उठला तेव्हा पाखरी लादून तयार उभी होती. पाठीवर वाघुरीच्या जाळीचं गाठोडं, त्यावर गोधडी, काढणी आवळलेली. आत्या तिला पाणी पाजत होती. जमलं म्हणायचं. कुणीतरी एकदा तोंडावर बोलावं लागतं म्हाताऱ्यांना, मग ती सरळ येतात.

वैजू पोरीला गुंडाळून घेऊन आली. आत्यानं हात आडवा केला.

"तिला ऱ्हाऊ दे. सिद्या, चढ."

"कुठं?"

"ओझ्यावर."

"मी?"

"भांडी काढून ठेवलीत. तू काय लई जड न्हाईस."

"आत्या, मी दोर मागितला. घोडी न्हाई मागितली बसायला. मी नवरदेव हाय काय?"

"नवरदेव न्हाई. ओझं."

वैजूनं पदर तोंडाला लावला.

"आक्का, हसू नगंस."

"न्हाई हसत," वैजू म्हणाली, आणि तिचे खांदे हलायला लागले. "पर तुला टोपडं घालू का रं?"

सिद्रामनं एकदा रस्त्याकडं बघितलं. डांबरी घाटानं सरळ चालत खाली जावं, तायाप्पाबरोबर चुरमुरे खावेत, असा विचार त्याच्या मनात आला. पण मग दोर गेला. आणि दोर म्हातारीकडं राहिला की पोरगी तिच्याच भरवशावर. तो चढला. पाखरीनं मागं वळून त्याच्याकडं बघितलं, आणि तिचंही मत फारसं चांगलं दिसलं नाही.

"हात गोधडीत घाल."

"का?"

"पोरीचं हात गोधडीत असत्यात."

"आणि पडलो तर?"

"पोरगी पडली तर काय करशील?"

त्यानं हात गोधडीत घातले. कोयता तेवढा कमरेला होता. आत्यानं दोर धरला आणि लंगडत चालू लागली.

पहिल्या पन्नास पावलांतच सिद्रामच्या ध्यानात आलं, की ही वाट आपण बघितलेलीच नाही.

तो दोन्ही वेळा आतल्या अंगानं चालला होता, डोंगराला धरून, जसं कुठलंही माणूस चालतं. पाखरी मात्र बाहेरच्या कडेनं चालत होती, दरीच्या काठाकाठानं. आतून चाललं की ओझं डोंगराला घासतं, ढकललं जातं. लादलेली घोडी कधीच आतून चालत नाही. हे त्याला माहीत होतं. परीक्षेत आलं असतं तर लिहिलं असतं. पण त्याचा डावा पाय आता नुसत्या हवेवर लोंबत होता, आणि खाली कारवीची टोकं दिसत होती, ती सुद्धा खूप खाली.

"आत्या, जरा आतनं घे की."

"ती काय माझं ऐकती व्हय."

घोडी खाली उतरताना ओझं पुढं झुकायचं, दगडावर पाय पडला की उजवीकडं हेलकावायचं, मग डावीकडं. चालणाऱ्याला जे दोन बोटांचं ठेचकाळणं, ते वर हातभर व्हायचं. हात गोधडीत. धरायला काही नाही. सिद्रामनं दात आवळून धरले. चार महिन्यांच्या पोरीला दातही नसतात, असं उगीचच त्याच्या डोक्यात आलं, आणि त्याचा त्यालाच राग आला.

दोन वळणं झाली. शेवाळावरची त्याची माती टिकली होती. पाखरीनं ती हुंगली आणि पाय टाकला. त्याला जरा बरं वाटलं.

मग जांभूळ आली.

दरीच्या बाजूनं वर आलेली, पावसात वाटेकडं कललेली. आत्या आतल्या अंगानं पायांकडं बघत पुढं निघून गेली. वाट मोकळी होती. त्यानंच मोकळी केली होती. डोंगराच्या बाजूनं दोन माणसं सहज जातील एवढी.

पाखरी बाहेरच्या कडेनं गेली.

तिनं मान खाली घातलेली होती. तिच्या कानांवरून ते टोक सहज सुटलं. पाठीवर काय आणि किती उंच आहे, हे घोडीला कसं कळावं. मनगटाएवढं जाड, पांढरंफेक, कोयत्याच्या तिरक्या घावानं भाल्यासारखं झालेलं फांदीचं टोक सरळ सिद्रामच्या बेंबीकडं येत होतं.

"थांबव! आत्या... थांबव तिला!"

दोर ताणला. पाखरी थांबली.

टोक गोधडीला लागलं होतं.

त्यानं खाली बघितलं. त्याची बेंबी. गोधडीचा वरचा पदर. ओझ्यावर निजवलेल्या पोरीचं तोंड याच उंचीला येतं. बेंबीच्या इकडं नाही, तिकडं नाही...

पाखरी फुरफुरली.

"कुणी तोडली ती फांदी?" आत्यानं पुढून विचारलं. तिला खरंच आठवत नव्हतं की काय, तिच्या तोंडावरून काही कळेना.

"...मी."

"हं."

तो डोंगराच्या बाजूनं घसरत खाली उतरला. कोयता काढला, जांभळीच्या खोडाला पाय लावला, आणि फांदी बुडापासून तोडली. पहिले चार घाव भलतीकडंच बसले. तुटलेला तुकडा दरीत गेला, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आत्या पाखरीच्या मानेवर हात ठेवून उभी होती.

"आत्या."

"काय?"

"हे तुला आधी दिसलं हुतं?"

"न्हाई."

"खरं सांग."

"मी कुठनं बघणार? मी आतनं चालतीय. बावीस सालं आतनंच चालतीय."

"मग मला वर का बसवलंस?"

"कुणीतरी बसायला पायजे हुतं."

सिद्रामला पुन्हा कपाळावर हात मारावासा वाटला. हातात कोयता होता म्हणून राहिला.

आत्यानं दोर त्याच्यापुढं धरला.

"धर."

त्यानं धरला. त्याला वाटलं होतं या क्षणाला काहीतरी होईल. काही झालं नाही. दोर आत्याच्या घामानं ओला होता, एवढंच.

"परत वर जाऊ," ती म्हणाली. "दुपारपर्यंत समद्यांना खाली न्यायचं. पोरगी वर, तू पुढं, मी मागं. झऱ्यावर थांबायचं न्हाई."

"आणि मी म्हणालो थांबायचं, तर?"

"तर थांबायचं. दोर तुझ्याकडं हाय."

तिनं पाठ फिरवली आणि चढणीला लागली. दोन पावलं. गुडघा धरून तिसरं.

सिद्राम हलला नाही. पाखरीनं त्याला नाकानं ढोसलं, तरी हलला नाही. खाली तिसरं वळण दिसत होतं. कारवी यंदा तिथं दाट झाली होती.

"आत्या."

ती थांबली.

"यंदा मला धाडलंस. रंगीला धाडलंस. आज मला गाठोड्यागत वर टाकून आणलंस. बापे खाली उपाशी, आक्का वैतागली, मी तुला नको नको ते बोललो, तरी तू तीन दिस हलली न्हाईस." त्याचा आवाज चढला होता. "गेल्या साली आपण सकाळी माथ्यावर आलो आणि त्याच दुपारी उतरलो. एक दिस न्हाई थांबलीस. एक घडी न्हाई. तो कारवीपाशी उभा हुता, गुरगुरत हुता, तवा बी न्हाई. का न्हाई थांबलीस?"

आत्या वळली नाही.

"सांग की. वरीस झालं. का न्हाई थांबलीस?"

"गेल्या साली," ती म्हणाली, "मला वाट पाठ हुती."